एअरफॉइलचा रन फुटतोय किंवा ड्रॅग भलताच येतोय? आधी हे तपासा

सोलापुरात गड्ड्याची जत्रा आटोपली की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांचे दिवस सुरू होतात आणि मेकॅनिकलची मुलंमुली लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायला लागतात. कुणी नॅका ००१२ हा एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा एक ठरावीक आकार) घेतलेला असतो, कुणी छोट्या पवनचक्कीचं पातं, कुणी उसाने भरलेली ट्रॉली. तक्रार मात्र तीच असते. ओपनफोम या हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला रन एक तर मध्येच फुटतो, नाहीतर शेवटपर्यंत जातो आणि भलताच ड्रॅग (वाऱ्याचं मागे ढकलणारं बल) देतो. तोवर टर्ब्युलन्स मॉडेल बदलून झालेलं असतं, रिलॅक्सेशन फॅक्टर (दर फेरीला उत्तर किती बदलू द्यायचं तो आकडा) खाली आणलेले असतात, मेश (हवेची जागा छोट्या सेलमध्ये वाटणारी जाळी) दुप्पट बारीक केलेली असते, आणि मूळ केस, म्हणजे गणिताची सुरुवातीची मांडणी, कशी होती ते कुणालाच आठवत नसतं.

हा बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करून माझं एक मत पक्कं झालं आहे. दोष सहसा टर्ब्युलन्स मॉडेलमध्ये नसतो. तो सुरुवातीला टाईप केलेल्या, किंवा दुसऱ्याच्या केसमधून उचललेल्या, चार-पाच आकड्यांत असतो. म्हणून आधी फुकटातल्या, दहा मिनिटांत होणाऱ्या तपासण्या, मग मेश, मग सॉल्व्हर, आणि प्रवाहाच्या स्वभावावर शंका सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. वरची चूक तशीच ठेवून खालचं काही बदललं की उत्तर थोडं हलतं, आपल्याला वाटतं सुधारणा झाली, आणि मूळ चूक आणखी खोल गाडली जाते.

उदाहरणं नॅका ००१२ चीच देतो, कारण त्याचे खात्रीचे आकडे सर्वांना मोफत मिळतात.

लक्षणं

पहिल्या काही इटरेशनमध्येच (गणिताच्या फेऱ्यांतच) "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" येऊन रन बंद पडतो. असं झालं तर शंका एककांवर, बाउंडरीवर किंवा अगदीच वाईट सेलवर घ्या.

रन काही शे इटरेशन नीट जातो, मग "बाउंडिंग ओमेगा" किंवा "बाउंडिंग के" असे टर्ब्युलन्सच्या आकड्यांबद्दलचे संदेश सतत यायला लागतात आणि रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) वर चढतात. सुरुवातीला असे दोन-चार संदेश आले तर काळजी नको. ते थांबतच नसतील तर मेश किंवा इनलेटची टर्ब्युलन्स मूल्यं बघा.

रेसिड्युअल एका पातळीपर्यंत उतरतात आणि मग तिथेच वरखाली होत राहतात. हे नेहमी बिघाडाचंच लक्षण असतं असं नाही. कारण शेवटाकडे सांगितलं आहे.

आणि सगळ्यात फसवं लक्षण: रन छान कन्व्हर्ज होतो, चित्रं सुंदर येतात, पण शून्य अंशाला लिफ्ट (वर उचलणारं बल) शून्य येत नाही, किंवा ड्रॅग शंभरपट कमी-जास्त येतो, किंवा चक्क उणे येतो. चित्रं बरी दिसतात म्हणून हे रिपोर्टमध्ये तसंच जातं आणि व्हायव्हाला पकडलं जातं.

हात लावण्याआधी

केसच्या फोल्डरची कॉपी करा आणि प्रत्येक बदलासाठी वेगळी कॉपी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वहीत दोन रकाने पुरतात: काय बदललं, काय झालं.

लॉग वाचा, पण शेवटून नको. एररची शेवटची ओळ फक्त रन कुठे थांबला ते सांगते. कुठल्या इटरेशनला पहिल्यांदा वेग किंवा प्रेशर अवाजवी झालं, ते शोधा. पहिल्याच इटरेशनला झालं असेल तर सॉल्व्हरच्या सेटिंगकडे बघायचंही कारण नाही, चूक इनपुटमध्ये किंवा मेशमध्ये आहे.

कागदावर अंदाजी उत्तर काढा

फुकट तपासणी, आणि बहुतेकजण हीच गाळतात. पातळ एअरफॉइलच्या सिद्धांतानुसार लिफ्ट कोएफिशंट म्हणजे दोन पाय गुणिले रेडियनमधला अँगल ऑफ अटॅक (वारा आणि पंख यांच्यातला कोन). १० अंशाला ते १.१० च्या आसपास येतं. नासाच्या लँग्ली केंद्राने टर्ब्युलन्स मॉडेलच्या पडताळणीसाठी नॅका ००१२ ची केस खुली ठेवली आहे: माक ०.१५ (आवाजाच्या वेगाच्या ०.१५ पट), रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले लांबी भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी) ६० लाख. त्यात स्पालार्ट-अल्मारास मॉडेलने सीएफएल३डी या कोडमधून १० अंशाला लिफ्ट १.०९०९ आणि ड्रॅग ०.०१२३१ मिळतो, शून्य अंशाला ड्रॅग ०.००८१९. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमचा ड्रॅग ०.०१५ आला तर मेश आणि स्कीम बघायची. ०.८ आला किंवा ०.००००२ आला तर मेशला हात लावू नका, पुढच्या दोन तपासण्यांतच उत्तर आहे.

रेनॉल्ड्स नंबर कमी असेल तर एक्सफॉइल वापरा. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर देतो. त्याचं उत्तर अंतिम मानू नका, पण आपण कुठल्या पट्टीत असायला हवं ते त्यावरून कळतं.

एककं

ओपनफोम लांबी मीटरमध्ये धरतो. कॅडमध्ये मॉडेल मिलिमीटरमध्ये काढलेलं असतं. १५० मिलिमीटरचं पातं आत जाताना १५० मीटरचं होतं. २० मीटर प्रति सेकंद वेगाला रेनॉल्ड्स नंबर २ लाख असायला हवा, तो २० कोटी होतो. चेकमेश ही मेश तपासणारी कमांड चालवा आणि त्यातली "ओव्हरऑल डोमेन बाउंडिंग बॉक्स" ही ओळ वाचा. डोमेन किती मीटरचं आहे ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. चुकलं असेल तर ट्रान्सफॉर्मपॉइंट्सने ०.००१ ने स्केल करा.

दुसरी चूक व्हिस्कॉसिटीची. सिम्पलफोम या ओपनफोममधल्या स्थिर प्रवाहाच्या सॉल्व्हरला कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) लागते, म्हणजे हवेसाठी साधारण १.५ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. पुस्तकातल्या तक्त्यातून मुलं डायनॅमिक उचलतात, १.८ × १०⁻⁵. दोन्ही आकडे दिसायला इतके जवळ आहेत की रन फुटत नाही, फक्त रेनॉल्ड्स नंबर गुपचूप सहाव्या हिश्शाने कमी होतो. प्रेशरचंही तसंच. या सॉल्व्हरमध्ये ते घनतेने भागलेलं असतं. त्याला पास्कल म्हणून रिपोर्टमध्ये छापू नका.

इथे सोलापूरची म्हणून एक गोष्ट, कारण कॉलेजच्या विंड टनेलशी तुलना करताना ती हमखास आडवी येते. पुस्तकातली १.२२५ ही घनता समुद्रसपाटीची आणि १५ अंश तापमानाची आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहोत आणि एप्रिल-मे महिन्यात लॅबमध्ये ४० अंश सहज असतात. तेव्हा इथल्या हवेची घनता साधारण १.०७ असते आणि कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १.८ × १०⁻⁵ च्या जवळ जाते. योगायोगाने हा आकडा पुस्तकातल्या डायनॅमिकसारखाच दिसतो, पण दोन्हींची एककं वेगळी आहेत. तेच १५० मिलिमीटरचं पातं, तोच २० मीटरचा वेग, पण रेनॉल्ड्स नंबर २ लाखांऐवजी १ लाख ६८ हजारांच्या आसपास. पिटो ट्यूबवरून (वाऱ्याचा दाब मोजणाऱ्या नळीवरून) वेग काढताना १.२२५ धरलं तर खरा वेग तुमच्या आकड्यापेक्षा ७ टक्के जास्त असतो. कोएफिशंट काढताना डायनॅमिक प्रेशर थेट मॅनोमीटरवरून घेतलं तर ही चूक रद्द होते. पण वेग एका घनतेने काढला आणि भागाकार दुसऱ्या घनतेने केला, तर ड्रॅगमध्ये तेरा-चौदा टक्क्यांचा फरक पडतो आणि दोष बिचाऱ्या सिम्युलेशनवर येतो. प्रयोगाच्या दिवशी लॅबमधलं तापमान आणि हवेचा दाब लिहून ठेवायला काहीच खर्च नाही.

फोर्स कोएफिशंटची डिक्शनरी

माझ्याकडे येणाऱ्या "रन बरोबर, आकडा चूक" केसेसपैकी बऱ्याच इथेच सुटतात. डिक्शनरी म्हणजे सेटिंगची फाइल. तिच्यातली संदर्भ लांबी, संदर्भ क्षेत्रफळ, वेग आणि दोन दिशा, एवढंच तपासायचं असतं.

क्षेत्रफळ म्हणजे कॉर्ड (नाकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी) गुणिले मेशची जाडी. टू-डी केस असली तरी ओपनफोममध्ये मेशला एका सेलची जाडी असतेच. कॉर्ड ०.१५ मीटर आणि जाडी ०.०१ मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.००१५. तिथे १ तसाच राहिला तर कोएफिशंट ६६७ पट कमी येतो.

दिशांची गोष्ट सावकाश वाचा. १० अंशासाठी आपण एअरफॉइल न फिरवता येणारा वेग फिरवतो, कारण मेश पुन्हा करावी लागत नाही. पण मग ड्रॅगची दिशाही १० अंशांनी फिरवावी लागते, कारण ड्रॅग म्हणजे येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेतलं बल, कॉर्डच्या दिशेतलं नाही. ती फिरवली नाही तर नासाच्याच आकड्यांनी काय होतं बघा: ०.०१२३१ गुणिले कोसाइन १०, वजा १.०९०९ गुणिले साइन १०. उत्तर येतं उणे ०.१७७. म्हणजे वारा पंखाला पुढे ओढतोय असं दिसतं. कॉर्डच्या दिशेतलं बल खरोखरच पुढे असतं, नाकावरच्या सक्शनमुळे. सॉल्व्हरने बरोबर उत्तर दिलेलं असतं, आपण प्रश्न चुकीच्या दिशेने विचारलेला असतो. ड्रॅग उणे आला की आधी ही दिशा बघा.

आणि शून्य अंशाचा रन नेहमी घ्या. नॅका ००१२ सममित आहे, त्यामुळे लिफ्ट शून्याच्या अगदी जवळ यायलाच हवी. नाही आली तर वेग तिरका आहे, मेश वरखाली असमान आहे किंवा दिशा चुकल्या आहेत. ओपनफोमची एअरफॉइलटूडी ही ट्युटोरिअल केस बरेचजण कॉपी करतात. तिच्यात वेग (२५.७५, ३.६२, ०) असा लिहिलेला आहे. म्हणजे २६ मीटर प्रति सेकंद आणि ८ अंशांचा कोन आधीच आत बसलेला. आपला एअरफॉइल टाकून तो वेग तसाच ठेवला की "शून्य अंशाला" भरपूर लिफ्ट मिळते.

बाउंडरी

त्याच ट्युटोरिअलमधली आणखी एक गोष्ट: न्यूटिल्डाचं (स्पालार्ट-अल्मारासमधल्या टर्ब्युलन्सच्या आकड्याचं) मूल्य ०.१४ आहे आणि व्हिस्कॉसिटी १०⁻⁵. म्हणजे येणारी हवा व्हिस्कॉसिटीच्या १४ हजार पट टर्ब्युलंट. शिकवण्यासाठी रन पटकन चालावा म्हणून ते ठीक असेल, पण ड्रॅगची तुलना करायची असेल तर चालणार नाही. स्पालार्ट-अल्मारासमध्ये मोकळ्या हवेसाठी व्हिस्कॉसिटीच्या ३ ते ५ पट ठेवा.

पुढची-मागची पृष्ठं "एम्प्टी" (त्या दिशेत गणित नको, असं सांगणारी) आहेत ना? बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून मेश आणली की ती हमखास "वॉल" किंवा "पॅच" होऊन येतात. मग दोन अदृश्य भिंतींमध्ये हवा घासत जाते आणि ड्रॅग वाढतो.

डोमेन किती मोठं आहे? नासाच्या त्या केसमध्ये बाहेरची सीमा जवळजवळ ५०० कॉर्ड लांब आहे. आपल्या लॅपटॉपवर तेवढी गरज नाही, पण पाच कॉर्डवर भिंत ठेवून मोकळ्या हवेतला ड्रॅग मिळणार नाही. निदान २० ते ३० कॉर्ड ठेवा. लांबचे सेल मोठे ठेवले तर वेळही फारसा वाढत नाही.

आकार आणि मेश

इथून पुढे खर्च वाढतो, तासांमध्ये.

एअरफॉइलचे बिंदू आधी साध्या ग्राफवर काढून बघा. इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात दोन प्रकारच्या फाइल असतात. एकात बिंदू मागच्या टोकापासून वरून फिरून खालून परत येतात, दुसऱ्यात वरचे आणि खालचे वेगवेगळे, दोन्ही नाकापासून. एक समजून दुसरी वाचली की रेषा स्वतःलाच छेदते. नाकाशी बिंदू कमी असतील तर गोलाईऐवजी कोपरे तयार होतात आणि नेमकं तिथेच सक्शन सगळ्यात जास्त असतं.

नॅकाचं मूळ सूत्र मागचं टोक पूर्ण बंद करत नाही. शेवटचा सहगुणक −०.१०१५ ठेवला तर ००१२ च्या टोकाला कॉर्डच्या ०.२५ टक्के जाडी उरते. −०.१०३६ घेतला तर टोक बंद होतं. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण कॅडने ते टोक आपल्या मनाने वाकडंतिकडं जोडू नये. पहिल्याच इटरेशनला रन फुटतो तेव्हा पॅराव्ह्यूमध्ये (चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टोकाशी झूम करून बघा. तिथे एखादा चिमटलेला सेल बऱ्याचदा सापडतो.

चेकमेशमध्ये नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ७० अंशांच्या वर आणि स्क्यूनेस ४ च्या वर गेली (दोन्ही सेलच्या वाकडेपणाची मापं) की इशारा मिळतो. असे थोडे सेल लांब कुठेतरी असतील तर नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर एक-दोन वाढवून काम भागतं. एअरफॉइलला चिकटून असतील तर करेक्टर वाढवू नका, मेश पुन्हा करा.

मग वाय प्लस, म्हणजे भिंतीपासूनचं एककाशिवायचं अंतर. भिंतीलगतचा पहिला सेल किती बारीक हवा हे आधीच काढता येतं. घर्षण कोएफिशंट म्हणजे ०.०५८ गुणिले रेनॉल्ड्स नंबरचा उणे ०.२ घात. त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ गुणिले वेग, हा झाला घर्षण वेग. व्हिस्कॉसिटीला त्याने भागलं की वाय प्लस १ साठीचं अंतर मिळतं. १ मीटर कॉर्ड आणि ९० मीटर प्रति सेकंद वेगाला ते ०.००५ मिलिमीटरच्या आसपास येतं. लॅबमधल्या १५० मिलिमीटरच्या पात्याला २० मीटर वेगात ०.०१५ मिलिमीटर. हे अंतर सेलच्या मध्यापर्यंतचं आहे, सेलची उंची त्याच्या दुप्पट. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा वेग सूत्राने धरायची पद्धत) वापरत असाल तर ३० ते ३०० च्या पट्टीत राहा, नसाल तर १ च्या जवळ. ५ ते ३० च्या मधे राहिलात तर दोन्हींपैकी एकही गृहीतक धड लागू होत नाही आणि ड्रॅग वाटेल तसा हलतो. मेश सरसकट दुप्पट बारीक केल्यावर उत्तर आणखी बिघडलं, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं: वाय प्लस ४० वरून २० वर आलेला असतो.

सॉल्व्हर

रन फर्स्ट ऑर्डर अपविंड या स्कीमवर (सेलमधल्या मूल्यांचा हिशोब करायच्या पद्धतीवर) सुरू करा, काही शे इटरेशननंतर लिनिअर अपविंडवर न्या. अपविंड स्थिर असतो, पण तो वेगातले तीव्र फरक पुसट करतो आणि ड्रॅग फुगवतो. रिपोर्टमधला आकडा त्याच्यावरचा नको.

रिलॅक्सेशन प्रेशरला ०.३ आणि वेगाला ०.७ पासून सुरू करा. ०.१ वर आणूनच रन टिकत असेल तर थांबा आणि वरच्या तपासण्यांकडे परत जा. हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. फॅक्टर कमी केल्याने चूक दुरुस्त होत नाही, फक्त चुकीच्या उत्तरापर्यंत आपण सावकाश पोहोचतो.

मे महिन्यात लाईट जाते आणि रात्रभराचा रन वाया जातो, तो प्रकार वेगळा. कंट्रोलडिक्टमध्ये राइट इंटरव्हल लहान ठेवा आणि स्टार्टफ्रॉमला लेटेस्टटाइम लिहा, म्हणजे थांबला तिथून पुढे जातो. लॅपटॉप तापून मंद झाला तर उत्तर बदलत नाही, वेळ लागतो एवढंच.

प्रवाहच स्थिर नसेल तर

१६-१७ अंशांना, स्टॉलनंतर, हवा पंखावरून सुटते आणि भोवरे सोडत राहते. स्टेडी सॉल्व्हर तिथे स्थिर उत्तर शोधतो, जे अस्तित्वातच नसतं. रेसिड्युअल वरखाली होतात ते म्हणून. उसाच्या ट्रॉलीचंही हेच, मागची बाजू बोथट असल्यामुळे ती कुठल्याही वेगाला भोवरे सोडते. अशा वेळी पिम्पलफोम या वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाच्या सॉल्व्हरवर जा, कूरान नंबर (एका टाइमस्टेपमध्ये हवा किती सेल ओलांडते तो आकडा) १ च्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि बलांची वेळेवरची सरासरी घ्या.

रेनॉल्ड्स नंबर २ लाखांच्या घरात असेल तर पंखावर बराच भाग प्रवाह लॅमिनार (थराथरांत, गोंधळाविना वाहणारा) असतो आणि लॅमिनार बबल तयार होतो. नेहमीचा के-ओमेगा एसएसटी पहिल्यापासून सगळं टर्ब्युलंट धरतो. त्यामुळे बाकी सगळं बरोबर असूनही टनेलशी जुळत नाही. ट्रान्झिशन मॉडेल (लॅमिनारपासून टर्ब्युलंटपर्यंतचा बदल धरणारं) वापरा, किंवा एक्सफॉइलशी तुलना करून ही मर्यादा रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. परीक्षकांना ते पटतं.

कुठे थांबायचं

नासाची तीच केस, त्यांचीच मेश आणि तुमचं इन्स्टॉलेशन, एवढं घेऊनही आकडे जवळपास येत नसतील तर एकट्याने आणखी आठवडा घालवू नका. गाईडना भेटा, किंवा हे काम रोज करणाऱ्या कुणाला तरी केस दाखवा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात ओपनफोमवर काम चालतं, तिथलं साहित्य मोफत आहे. तीन मेशवर तीन वेगळेच आकडे येत असतील आणि त्यांचा कल एका बाजूला जात नसेल, तरीही थांबा. लॅपटॉप रन चालू असताना आपोआप बंद पडत असेल तर तो दुरुस्तीवाल्याकडे न्या, सेटिंग बदलून उपयोग नाही.

आणि कुणी म्हणालं की कारखान्याच्या पत्र्याच्या शेडवर किंवा होर्डिंगवर वाऱ्याचा भार किती येईल ते तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढून द्या, तर नाही म्हणा. ते काम आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. पत्रा उडाला तर खाली माणसं असतात.

जाणकाराकडे जाताना बरोबर न्या: टाइम फोल्डर काढून टाकलेली केस, पूर्ण लॉग, चेकमेशचा निकाल, काढलेला रेनॉल्ड्स नंबर आणि वाय प्लस, शून्य अंशाच्या रनचे आकडे, आणि ती दोन रकान्यांची वही. एवढं समोर असलं की बघणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. फक्त शेवटच्या एररचा फोटो मोबाइलवर पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.